मोबाईलच्या फोटोतून काजवे गेले कुठे?

मे महिना सरता सरता, पाऊस यायच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे उतरतात. अख्खं झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. मी मोबाईल दगडाला टेकवला आणि नाइट मोडमध्ये फोटो काढला. फोटो सुरेख आला: खोड स्वच्छ, पानं स्वच्छ, फांद्यांमधून चांदण्याही दिसत होत्या. काजवे मात्र चार-पाचच. शेजारी मित्राने डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, ट्रायपॉडवर लावून ३० सेकंद शटर उघडं ठेवलं होतं. त्याच्या फोटोतले काजवे मोजायला बसलो असतो तर रात्र सरली असती.

मोबाईलवर मनापासून, अभ्यासाने फोटोग्राफी करता येते का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर त्या हरवलेल्या काजव्यांपासून सुरू होतं.

आधी लेन्समधून प्रकाश आत येतो त्या छिद्राचा हिशोब करू. डीएसएलआरवाल्यांची आवडती स्वस्त लेन्स म्हणजे ५० मिमी, एफ १.८. नाभीय अंतराला, म्हणजे फोकल लेंग्थला, या एफच्या आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिमी. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं, त्याहून हे छिद्र किंचित मोठं. चांगल्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा एफ आकडाही १.८ च्या जवळपासच असतो, पण त्याचं नाभीय अंतर असतं ७ मिमीच्या आसपास. छिद्र झालं जेमतेम ४ मिमी, तुरीच्या डाळीएवढं. क्षेत्रफळात सुमारे पन्नासपट फरक पडला. म्हणजे एकाच काजव्याकडून, तेवढ्याच वेळात, नाण्याएवढ्या छिद्रातून प्रकाशाचे पन्नास कण आत येतात तेव्हा डाळीएवढ्या छिद्रातून एक येतो.

कण हा शब्द मुद्दाम वापरला. वळवाचे पहिले थेंब शहाबादी फरशीवर पडताना आठवा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर एकही नाही. सर कोसळली की सगळ्या फरश्या सारख्याच ओल्या. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर प्रकाशही असाच थेंबाथेंबाने पडतो. जिथे सरासरी १०० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, यायला हवेत तिथे साधारण १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० यायचे असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. अंधारात काढलेल्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते ती बरीचशी हीच. कॅमेरा कितीही महाग घ्या, हा चढउतार चुकत नाही, कारण तो प्रकाशाचाच स्वभाव आहे. तो झाकायचा एकच मार्ग आहे, जास्त प्रकाश गोळा करणं.

मोबाईलच्या जाडीत नाण्याएवढं छिद्र मावत नाही. मग इंजिनिअरांनी एकाऐवजी अनेक फोटो घ्यायचं ठरवलं. स्टॅनफर्डचे निवृत्त प्राध्यापक मार्क लेवॉय यांच्या गूगलमधल्या चमूने हे तंत्र पिक्सेल फोनमध्ये आणलं. २०१८ साली आलेल्या त्यांच्या नाइट साइट या अंधारातल्या फोटोंच्या मोडमध्ये एका फोटोसाठी १५ पर्यंत चौकटी, म्हणजे लागोपाठचे सुटे फोटो, घेतल्या जात. हात हलतोच, म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीचे बारीक चौकोनी तुकडे करतं, एका चौकटीला आधार मानून बाकीच्यांचे तुकडे तिच्याशी जुळवतं आणि सरासरी काढतं. ९ चौकटींची सरासरी घेतली की खरखर तिपटीने कमी होते. पुढच्याच वर्षी १६ सेकंदांच्या १५ चौकटी एकत्र करून, खिशात मावणाऱ्या फोनवर आकाशगंगेचा फोटो काढता येऊ लागला. मला हे गेल्या काही वर्षांतलं फोटोग्राफीतलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

पण काजवा एका चौकटीत चमकतो आणि पुढच्या चौकटीत विझलेला असतो. जुळवणी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी तो मध्येच आडव्या गेलेल्या माणसासारखाच. पंधरापैकी एकाच चौकटीत दिसलेली गोष्ट एक तर जुळत नाही म्हणून वगळली जाते, नाहीतर सरासरीत पंधराव्या हिश्श्याएवढी फिकट होते. आधाराच्या चौकटीत जे चमकले तेवढेच काजवे माझ्या फोटोत उरले. झाड स्थिर, म्हणून झाड टिकलं. ज्याच्यासाठी एवढ्या लांब गेलो होतो तेच पुसलं गेलं.

याच्या उलटही घडतं, नसलेलं फोटोत येतं. मोबाईलच्या ७ मिमीच्या लेन्समधून चंद्राची प्रतिमा सेन्सरवर पडते ती ०.०६ मिमीची, केसाच्या जाडीएवढी. ३०० मिमीच्या लेन्समधून ती पावणेतीन मिमीची होते, मोहरीच्या दाण्याहून मोठी. मोबाईलमधली झूम लेन्सही तिथवर पोहोचत नाही. मार्च २०२३ मध्ये एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम १७० बाय १७० पिक्सेलचा करून धूसर केला, अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर लावला आणि सॅमसंगच्या एस २३ अल्ट्राने टिपला. निघालेल्या फोटोत विवरांचे असे बारकावे होते जे स्क्रीनवर नव्हतेच. चंद्र ओळखून कृत्रिम बुद्धिमत्तेने तपशील उजळले जातात, हे कंपनीनेही सांगितलं. घरच्यांना दाखवायला असा फोटो छान आहे. पण निरीक्षणाची नोंद म्हणून मी तो कधीच वापरणार नाही.

पोर्ट्रेट मोडचंही तसंच आहे. डाळीएवढ्या छिद्रातून मागचं दृश्य फारसं धूसर होत नाही, म्हणून फोन अंतराचा अंदाज बांधून ते धूसर रंगवतो. मावशीच्या फोटोत चेहरा अप्रतिम आला, पण गजऱ्याच्या कडेच्या कळ्या मागच्या भिंतीत विरघळल्या आणि नथीच्या वेलांटीतून दिसणारा गाल अर्धा धूसर, अर्धा स्पष्ट.

छोट्या छिद्राचा फायदाही होतो, आणि तो कोल्हापूरच्या एका तरुणाने जगाला दाखवला. ॲपलच्या २०२२ च्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोंच्या, स्पर्धेतल्या दहा विजेत्यांपैकी तो एक. विषय साधाच, कोळ्याच्या जाळ्यावरचे दवबिंदू. त्याच्याकडच्या आयफोन १३ प्रोचा मॅक्रो फोटो त्यातल्या अल्ट्रावाइड लेन्समधून निघतो. तिचं छिद्र १ मिमीहूनही लहान आहे आणि ती २ सेंमीपर्यंत जवळ जाऊ शकते. छिद्र लहान असलं की स्पष्ट दिसणारी खोली वाढते. डीएसएलआरच्या मॅक्रो लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून इतक्या जवळून फोटो घेतला तर मिलिमीटरभर जागाही धड स्पष्ट येत नाही. एक थेंब तीक्ष्ण आणि शेजारचा धूसर होतो.

दुसऱ्या रात्री मी पुन्हा त्याच झाडाखाली गेलो. टॉर्च बंद, फ्लॅश बंद, स्क्रीनचा उजेड अगदी कमी. काजव्यांचं लुकलुकणं ही जोडीदाराला घातलेली साद असते आणि आपल्या उजेडाने तिच्यात व्यत्यय येतो. यावेळी नाइट मोडला हातच लावला नाही. मित्राचा ट्रायपॉड मागून घेतला, सगळं हाताने ठरवता येतं तो प्रो मोड उघडला, फोकस झाडावर पक्का केला आणि १० सेकंदांच्या बारा चौकटी रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या रूपात, घेतल्या. घरी येऊन त्या एकावर एक ठेवल्या. सरासरी न काढता प्रत्येक बिंदूसाठी बारांपैकी सगळ्यात उजळ नोंद निवडली. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये याला लाइटन म्हणतात. दोन मिनिटांत चमकलेले जवळजवळ सगळे काजवे फांद्यांवर परतले. उजळ तेच निवडल्यामुळे अंधारात खरखर राहिली, ती मी तशीच ठेवली.

मित्राच्या फोटोत मात्र प्रत्येक ठिपक्याला काजव्याचा पिवळट-हिरवा रंग आहे. माझ्या फोटोतले जवळचे काजवे पांढरे आलेत, कारण मोबाईलच्या पिक्सेलचा, म्हणजे सेन्सरवरच्या एकेका बिंदूचा, पेला लहान आणि तेजस्वी ठिपक्याने तो लगेच काठोकाठ भरला. येत्या मे महिन्यात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, निम्म्यावर आणून बाराऐवजी चोवीस चौकटी घ्यायच्या आहेत.