चिलिका: तोंड सरकत गेलेले सरोवर

ओडिशाच्या पुरी, खुर्दा आणि गंजाम या जिल्ह्यांत पसरलेले चिलिका हे देशातले सर्वांत मोठे खाजण सरोवर. पावसाळ्यात ते ११०० चौरस किलोमीटरपलीकडे फुगते, उन्हाळ्यात ९०० च्या आसपास आकसते. खोली मात्र इतकी कमी की बऱ्याच भागात मच्छीमार पाण्यात उभे राहूनच जाळे लावतात. एवढ्या उथळ पाण्याचा जीव समुद्राकडे उघडणाऱ्या तोंडात असतो. म्हणून चिलिकाचा इतिहास सांगायचा तर या तोंडाचाच सांगावा लागतो.

शेवटच्या हिमयुगानंतर वाढलेली समुद्रपातळी सहा-सात हजार वर्षांपूर्वी स्थिरावत आली, तेव्हा इथे उपसागराचा फाटा होता. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा किनाऱ्याची वाळू ईशान्येला ढकलत राहिल्या आणि त्या वाळूचा सुमारे ६० किलोमीटरचा दांडा उभा राहिला. आतल्या बाजूने महानदीच्या दया आणि भार्गवी या शाखा गोडे पाणी आणि गाळ ओतत होत्या. दोन्ही पाणी मिसळून चिलिका मचूळ झाले.

तोंडाजवळच्या माणिकपाटणा इथे उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे परदेशी व्यापार इथवर पोहोचला होता. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे. १७५१ पासून ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रज फौज गंजामहून याच वाळूच्या दांड्यावरून चालत आली, माणिकपाटण्याला तोंड ओलांडून पुरीत शिरली आणि भोसल्यांचा अंमल संपला.

विसाव्या शतकाच्या आरंभी नेल्सन अनँडेल आणि स्टॅन्ले केम्प या प्राणिशास्त्रज्ञांनी इथल्या जीवसृष्टीची पद्धतशीर पाहणी केली. त्यातला एक शोध मला फार मोलाचा वाटतो. बरकुडा बेटावरच्या भुसभुशीत मातीत, झाडांच्या मुळांशी, पाय नसलेला एक सरडवर्गीय प्राणी मिळाला. दिसायला गांडुळासारखा, डोळे अगदी बारीक. १९१७ मध्ये त्याची नोंद झाली आणि बेटाचे नाव त्याला मिळाले: बार्कुडिया.

तोंडाचे महत्त्व माशांवरून कळते. बोय, म्हणजे ओडियातला खइंगा, चिलिकात वाढतो, पण अंडी घालायला समुद्रात जातो. पिल्ले भरतीबरोबर परत येतात. जिताड्यालाही खाऱ्या पाण्यापर्यंतची वाट मोकळी हवी असते. वाळू सरकत राहिल्याने ही वाट लांबत आणि अरुंद होत गेली. भरतीचा जोर आत पोहोचेना, गाळ बसला, खारटपणा उतरला आणि गोड्या पाण्यातले गवत व जलपर्णी पसरली. १९८० च्या दशकात वर्षाला आठ हजार टनांच्या घरात असलेली मासळी १९९५-९६ मध्ये तेराशे टनांच्याही खाली आली. त्यात कोळंबीच्या घेरींनी, म्हणजे कोळंबी वाढवायला बांध घालून अडवलेल्या पाण्याच्या तुकड्यांनी, मच्छीमारांची पाण्यातली जागा बळकावली. त्यावरच्या संघर्षात १९९९ मध्ये सोरणा गावी पोलीस गोळीबारात मच्छीमारांचे प्राण गेले. चिलिकाच्या इतिहासातून ही नोंद गाळता येत नाही.

१९८१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या नोंदवहीत गेले. चिलिका विकास प्राधिकरणाने अभ्यासाअंती सिपाकुदाजवळ दांडा कापला. २३ सप्टेंबर २००० रोजी नवे तोंड खुले झाले आणि समुद्राची वाट १८ किलोमीटरने कमी झाली. परिणाम लवकर दिसला: २००१-०२ मध्ये मासळी अकरा हजार टनांवर गेली आणि २००२ मध्ये त्या नोंदवहीतून चिलिकाचे नाव निघाले. समुद्रगवत पुन्हा पसरले. इरावती डॉल्फिन आज इथे दीडशेच्या आसपास आहेत.

हा उपाय योग्यच होता, पण त्याला कायमचा समजणे चूक ठरेल. २००८ मध्ये गबकुंडाजवळ समुद्राने स्वतःच आणखी एक तोंड फोडले, २०१९ च्या फनी वादळाने आणखी काही. तोंडे वाढली की खारटपणाही वाढतो आणि उत्तरेकडचे गोड्या पाण्यातले मासे मागे हटतात. शिवाय पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांवरची माती ओढ्यांतून येतच असते. ती थांबवायची तर झाडी आणि बांधबंदिस्ती तिकडे, वरच्या गावांत करावी लागते.