भाड्यानं दिलंय म्हणजे नेमकं काय दिलंय? भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स

गेल्या दिवाळीत भाच्याबरोबर कोल्हापुरात दोन जागा बघायला गेलो होतो. भाड्याच्या उत्पन्नासाठी घर घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ. पहिली जागा राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. दुसरी मंगळवार पेठेत, जुन्या घराचा तळमजला, पुढं कट्टा, मागं न्हाणी. एजंट दोन्हीकडं एकच वाक्य बोलला, "भाडेकरू आहेच साहेब, पहिल्या महिन्यापासनं भाडं चालू." मंगळवार पेठेतली जागा क्षेत्रफळाच्या मानानं फारच स्वस्त होती. भाचा तिथंच रेंगाळायला लागला. मी एजंटला म्हटलं, "आधी कागद दाखवा."

फ्लॅटचा कागद म्हणजे नोंदणी झालेला लिव्ह अँड लायसन्सचा करार निघाला, फोटो आणि अंगठ्याच्या ठशांसकट. मंगळवार पेठेत करार म्हणून काही नव्हतंच. एक पावतीपुस्तक होतं, कडा पिवळ्या पडलेलं. त्यातली पहिली पावती १९८४ ची, आता राहणाऱ्या माणसाच्या वडिलांच्या नावाची. भाडं दरमहा १८० रुपये.

आपण दोन्हीकडच्या माणसाला भाडेकरूच म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि नवख्या गुंतवणूकदाराचं सगळ्यात मोठं नुकसान हा फरक न कळल्यानं होतं. भाव चुकला, कर्जाचा हप्ता जड गेला, तर पुढं सावरता येतं. घराला कूळ लागलं, म्हणजे कायद्याचं संरक्षण असलेला भाडेकरू बसला, की पुढची पिढी ते निस्तरत बसते.

भाडेपट्टा म्हणजे लीज. त्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०५ मध्ये आहे. भाडेपट्ट्यानं जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच दुसऱ्याकडं जातो. मालकी आपली राहते, पण त्या जागेत भाडेकरूचा स्वतःचा हितसंबंध तयार होतो. आपण घर विकलं तरी तो तिथंच राहतो, फक्त भाडं नव्या मालकाला द्यायला लागतो. लायसन्सची व्याख्या दुसऱ्या कायद्यात आहे, भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ मध्ये. तिथं जागेतला कुठलाच हक्क हस्तांतरित होत नाही. जे एरवी बेकायदा ठरलं असतं ते करायची परवानगी तेवढी मिळते, म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहायची.

'लिव्ह' या शब्दानं बऱ्याच जणांची फसगत होते. मुदत संपली की सोडून जायचं म्हणून लिव्ह, असं मला एका शिकलेल्या माणसानं ठामपणे सांगितलं होतं. इथं लिव्ह म्हणजे अनुमती. आपल्याकडं 'रजा' शब्दाला हाच जुना अर्थ आहे. पाहुणा निघताना "रजा द्या" म्हणतो तेव्हा तो सुट्टी मागत नसतो, परवानगी मागत असतो. रजा आणि परवाना, असा हा करार आहे.

मंगल कार्यालय आठवलं की फरक चटकन कळतो. लग्नाच्या दोन दिवसांसाठी चावी आपल्या हातात असते, स्वयंपाकघर, खोल्या, मांडव सगळं आपण वापरतो. पण कार्यालयावर आपला काही हक्क झाला असं कुणाच्या मनातही येत नाही. ते लायसन्स. विद्यापीठाजवळ पोरांना कॉट बेसिसवर ठेवतात, तेही लायसन्स. उलट बाजूला कुळानं कसलेली जमीन आठवा. कोल्हापूर जिल्ह्यात शेती असलेल्या घरांत १ एप्रिल १९५७ ही तारीख अजून निघते. कूळकायद्यानं त्या कृषक दिनी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचंच झालं असं मी मानतो. पण 'कूळ' शब्दाची धास्ती तेव्हापासून घरमालकांच्याही मनात बसली.

शहरात त्या धास्तीला आणखी एक कारण होतं. भाडेकरूला संरक्षण देणाऱ्या १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यातून सुटायला मालक भाडेपट्ट्याऐवजी लायसन्स लिहून घेऊ लागले. मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेल्यांना भाडेकरू मानण्यात आलं. आधीची पिढी "घर रिकामं पडू दे, पण भाड्यानं नको" म्हणायची ती उगाच नव्हे.

आज लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नं राहत्या घरापुरती परिस्थिती पालटली. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपल्यावर परत दिलंच पाहिजे. नाही दिलं तर मालक दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अर्ज करतो. समोरच्याला आपली बाजू लढवायची तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत तशी परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर जेवढे दिवस तो राहील तेवढ्या दिवसांसाठी ठरलेल्या लायसन्स फीच्या (लायसन्समध्ये भाड्याला फी म्हणतात) दुप्पट दरानं भरपाई लागते. आणि लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा धरला जातो.

आता तेच घर भाडेपट्ट्यानं दिलं असतं तर? मुदत संपली एवढ्यानं काही होत नाही. भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल, द्यायला तयार असेल, तोवर त्याला संरक्षण आहे. थकबाकी झाली तरी आधी ९० दिवसांची नोटीस, आणि दावा लागल्यावरही व्याजासह पैसे भरून त्याला जागा राखता येते. बाकी कारणं कायद्यात मोजून दिलेली आहेत: मालकाची स्वतःची खरी गरज, पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, अशी. ती कोर्टात सिद्ध करावी लागतात. भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं. १८० रुपयांचे चार टक्के म्हणजे सात रुपये वीस पैसे. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडं भाडेहक्क जातो. पावतीवर वडिलांचं नाव आणि घरात मुलगा, हे त्यातूनच येतं. वैतागून अशा माणसाचं पाणी-वीज तोडणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असायलाच हवा.

खर्चातही अंतर आहे. लायसन्सच्या पूर्ण मुदतीची फी आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. महिना ९,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल तर अकरा महिन्यांचे ९९,००० अधिक साधारण ४,६००, त्याचा पाव टक्का म्हणजे २६० रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. भाडेपट्टा पाच वर्षांपर्यंतचा असला तरी जागेच्या बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दरानं शुल्क बसतं. ४० लाखांच्या फ्लॅटला दर ५ टक्के धरला तरी २०,००० रुपये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अकरा महिन्यांच्या कागदाचा. शंभराच्या स्टॅम्पवर टाइप केलेला, खाली नोटरीचा शिक्का असलेला कागद लाइट बिलाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला असतो, आणि मालकाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. अकरा महिने कुठून आले? नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी टाळायची म्हणून एक महिना कमी. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं, लायसन्स असो की भाडेपट्टा, करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे. अकरा महिन्यांचा असला तरी, एक महिन्याचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या कारणासाठी अकरा महिने लिहायचे ते कारणच आता उरलेलं नाही, तरी लिहिणं चालू आहे.

त्याच कलमात एक ओळ आहे, जी आमच्या घरानं पूर्ण किंमत देऊन शिकली. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल राहणारा माणूस जे सांगेल ते ग्राह्य, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. वडिलांनी शिवाजी पेठेतल्या घराच्या मागच्या दोन खोल्या नोटरीच्या कागदावर एका कुटुंबाला दिल्या होत्या. अकरा महिने संपले, दुसरा कागद झाला नाही. "माणसं चांगली आहेत," वडील म्हणायचे, आणि ती होतीही चांगली. धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी खोल्या मागितल्या तेव्हा उत्तर आलं, भाडं अडीच हजार नव्हे, पंधराशे ठरलं होतं, आणि मुदत अशी काही ठरलीच नव्हती. वडील रोज संध्याकाळी तो कागद काढायचे, चष्मा पुसून पुन्हा वाचायचे. त्यातल्या सह्या खऱ्या होत्या, पण त्यांचं म्हणणं सिद्ध करायचा भार त्यांच्यावरच होता. चार वर्षांनी, त्या कुटुंबाला नव्या जागेचं डिपॉझिट आमच्याकडून देऊन, समजुतीनं विषय मिटला. नोंदणीला दोन हजारसुद्धा लागले नसते.

कागदावर मोठ्या अक्षरात 'लिव्ह अँड लायसन्स' छापलं की काम झालं, असंही समजू नये. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ साली दिल्लीच्या एका हॉटेलातल्या केशकर्तनालयाच्या प्रकरणात तत्त्व घालून दिलं की कराराचं शीर्षक बघायचं नाही, गाभा बघायचा. जागेत हितसंबंध द्यायचा हेतू होता का, ताबा पूर्णपणे दुसऱ्याचा झाला का? म्हणून वागणंही लायसन्ससारखं लागतं. राहणाऱ्याला पक्कं बांधकाम करू देऊ नका. लायसन्सच्या भरवशावर खर्च करून त्यानं कायमचं काम केलं तर ते लायसन्स रद्द करणं अवघड होतं. पैसे बँकेतून घ्या, आणि नोंद 'लायसन्स फी' अशी करायला सांगा. आणि दोन करारांच्या मध्ये मोकळे महिने सोडू नका. करार एप्रिलला संपतो, मे-जूनचे पैसे 'घरभाडं' लिहून मोबाइलवर येत राहतात, नवा करार गणपतीनंतर करू म्हणतो आपण. त्या मधल्या महिन्यांत तो माणूस कोण आहे, हा प्रश्न वकिलाच्या हातात आयता जातो.

दुकानगाळ्याचं वेगळं. कलम २४ ची ती जलद वाट फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. लक्ष्मीपुरीतला किंवा शाहूपुरीतला गाळा लायसन्सवर जरूर देता येतो, पण मुदतीनंतर हलला नाही तर नेहमीचा कोर्टाचा रस्ता. त्यात गाळ्यावर त्याची पाटी, त्याचं फर्निचर, त्याचं गिऱ्हाईक. गाळ्याचं भाडं घरापेक्षा चांगलं येतं म्हणून नवखा माणूस तिकडं ओढला जातो. माझं स्पष्ट मत, पहिली जागा राहती घ्यावी.

घरफाळ्याची चौकशी मात्र दोन्हीकडं आधी करा. जागा भाड्यानं दिल्यावर आकारणी किती होईल हे महापालिकेत विचारूनच हिशेब मांडावा. ४० लाखांच्या फ्लॅटला ९,००० म्हणजे वर्षाला एक लाख आठ हजार, म्हणजे २.७ टक्के, आणि त्यातून घरफाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, एखादा रिकामा महिना वजा. एजंट हे गणित मांडून दाखवत नाही.

आम्ही मंगळवार पेठेतून निघालो तेव्हा त्या घरातल्या आजी कट्ट्यावर येऊन बसल्या होत्या. "नवीन मालक तुम्हीच का?" त्यांनी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही आजी, नुसतं बघायला आलोय." मला ते बरं वाटलं. त्यांचा हक्क खरा होता आणि तो जागेच्या भावातून आधीच वजा झालेला होता, म्हणूनच जागा स्वस्त होती. ती घेऊन त्यांना बाहेर काढायच्या मागं लागणं भाच्यानं करू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यानं राजारामपुरीचा फ्लॅट घेतला. चालू करार जुन्या मालकाशी होता. घर विकल्यावर लायसन्स आपोआप नव्या मालकाला बांधून राहत नाही, म्हणून खरेदीखतानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं राहणाऱ्या जोडप्याशी स्वतःच्या नावानं नवा करार केला. नोंदणी करणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन संध्याकाळी फ्लॅटवरच आला. नवऱ्याचा अंगठा उठेना. एमआयडीसीत फौंड्रीत काम, बोटं घासलेली. चौथ्या खेपेला ओल्या फडक्यानं पुसल्यावर उठला. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार हे त्याच्या बायकोनं करारात लिहून घेतलं, आणि ते योग्यच केलं. भाड्यानं दिल्याची माहिती दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेली. करार ३० सप्टेंबरला संपतो. भाच्यानं मोबाइलमध्ये आठवण लावली आहे ती १ ऑगस्टची.