ड्रायव्हरमधला कॉमन कोड: हा आग्रह आला कुठून

कोल्हापुरातली ओळखीची काही इंजिनिअरिंगची पोरं सध्या लिनक्स कर्नलला (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पॅच, म्हणजे कोडातले बदल, पाठवायच्या मागं लागलीत, लई चांगली गोष्ट आहे. आणि त्यांना कधी ना कधी एक उत्तर येतंच, की हे फंक्शन शेजारच्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणारा कोड) आधीच आहे, कॉपी करू नको, दोघांतलं सारखं ते बाहेर काढ आणि मग पाठव. पोरांना वाटतं मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारा माणूस, उगीच अडवतोय. तसं नाहीये भावांनो, त्यामागं तीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून जरा मागचं सांगतो.

१९९१ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्याच्याकडं जे कार्ड, तो त्याचा ड्रायव्हर लिहायचा, आणि नवीन कार्ड जुन्यासारखंच निघालं तर फाईल कॉपी करून नावं बदलायची, काम झालं. पण तेव्हाच लिनक्सचे नेटवर्क ड्रायव्हर लिहिणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी इथरनेटमध्ये (केबलचं नेटवर्क) वेगळी वाट दाखवली. एनई२०००, वेस्टर्न डिजिटलची कार्डं, थ्रीकॉमचं ३सी५०३, ही बाहेरून वेगवेगळी, पण आत चिप नॅशनल सेमीकंडक्टरची ८३९० नाहीतर तिच्याच जातीची. मग चिप चालवायचा सगळा भाग ८३९०.सी या एका फाईलमध्ये, आणि प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये फक्त कार्ड शोधणं, रीसेट करणं आणि डेटा आत-बाहेर नेणं. आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत कसं, पॅटर्न एकच, कास्टिंग एकच, पुढचं मशीनिंग तेवढं गिऱ्हाईकाच्या ड्रॉइंगप्रमाणं, तसंच हे.

वायफायमध्ये मात्र ही शिस्त यायला वेळ लागला आणि त्याचा त्रास बरीच वर्षं झाला. स्वस्त वायफाय चिपमध्ये प्रोटोकॉलचं बरंचसं काम चिप करत नाही, ते सॉफ्टवेअरलाच करावं लागतं, त्यामुळं प्रत्येक ड्रायव्हरला आख्खा वायफाय स्टॅक (प्रोटोकॉल चालवणारा सगळा कोड) लागायचा आणि जो तो आपापला घेऊन यायचा. डिव्हाइसस्केप कंपनीनं दिलेल्या कोडवरून मॅक८०२११ हा सगळ्यांसाठीचा वायफाय स्टॅक तयार झाला आणि जुलै २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ या आवृत्तीत आला, तेव्हा कुठं सगळ्यांना एक पाया मिळाला. तरीपण त्यानंतर स्टेजिंगमध्ये (अजून नीट न झालेला कोड ठेवायची कर्नलमधली जागा) आलेले रिअलटेक या चिप कंपनीचे कितीतरी ड्रायव्हर बघा, प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये त्याच जुन्या स्टॅकची वेगळी कॉपी, थोडी थोडी बदललेली, म्हणजे एकीत बग सापडून दुरुस्त झाला तरी बाकीच्यांत तो तसाच पडून. कॉपीचं खरं नुकसान हे आहे, ओळी वाढतात ते त्यामानानं काहीच नाही.

मोबाइलमध्ये असणाऱ्या एआरएम प्रोसेसरांची गोष्ट अजून मोठी. मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीनं घड्याळं (चिपच्या कामाला ताल देणारे क्लॉक), पिना, इंटरप्ट (हार्डवेअरनं प्रोसेसरला दिलेली हाक) यांचा कोड स्वतःपुरता लिहिला होता, आणि मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यावर उघडपणे भडकले. तिथनं पुढं कामाला वेग आला. पिनांसाठी पिनकंट्रोल कर्नल ३.२ मध्ये आलं, घड्याळांसाठी कॉमन क्लॉक फ्रेमवर्क मे २०१२ मध्ये ३.४ सोबत, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ३.७ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपवर चालणारा एकच एआरएम कर्नल बांधता यायला लागला. रजिस्टर (चिपमधल्या छोट्या मेमरीच्या जागा) वाचण्या-लिहिण्याचं रेगमॅप पण त्याच काळातलं, कर्नल डेव्हलपर मार्क ब्राऊन यांचं, ते आधी ऑडिओच्या ड्रायव्हरपुरतं होतं आणि मग सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण कोड एकत्र करा म्हटलं की आपल्याकडची पोरं लगेच मध्ये एक मोठा थर बांधायला घेतात. कर्नल डेव्हलपर नील ब्राऊन यांनी २००९ मध्ये याच्यावर नेमकं बोट ठेवलं होतं, त्याला मिडलेअर मिस्टेक, म्हणजे मधल्या थराची चूक, म्हणतात. मधला थर मालक झाला की वरून आलेली प्रत्येक मागणी आधी त्याच्याकडं, मग तो ठरवणार ड्रायव्हरला कधी बोलवायचं, आणि एखादं हार्डवेअर जरा वेगळं निघालं की त्याच्यासाठी एक फ्लॅग (वेगळं वागायची खूण), मग अजून एक, असं करत शेवटी तो थर कुणालाच आवरत नाही. त्यापेक्षा कॉमन कोड लायब्ररीसारखा ठेवायचा, ड्रायव्हरला पाहिजे ते फंक्शन तो घेईल, नको ते स्वतः लिहील, ताबा ड्रायव्हरकडंच. मला स्वतःला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

एएमडीला याच्याच जवळच्या वादातून जावं लागलं. त्यांनी आपल्या ग्राफिक्स कार्डांचा डिस्प्लेचा कोड वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावा म्हणून एक थर मध्ये घालून लिहिला होता. कंपनीच्या बाजूनं बघितलं तर तेही शेअरिंगच, पण डिसेंबर २०१६ मध्ये ग्राफिक्सचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी स्पष्ट सांगितलं की असा थर कर्नलमध्ये घेणार नाही, कारण मग बाकीच्या ड्रायव्हरसाठी काम करणाऱ्यांना तो कोड वाचताही येत नाही आणि बदलताही येत नाही. एएमडीवाल्यांनी जवळपास वर्षभर खपून तो कर्नलच्या पद्धतीत बसवला आणि मग ४.१५ मध्ये तो आत गेला. माझ्या मते एअरलींचं बरोबरच होतं.

आणि कधीकधी वेगळं करणंही बरोबर असतं. इंटेलच्या नेटवर्क कार्डांच्या ई१००० ड्रायव्हरमध्ये इतक्या पिढ्यांची कार्डं कोंबली होती की एका पिढीसाठी केलेला बदल दुसरीला लागायची भीती, म्हणून पीसीआय एक्सप्रेसची (नव्या पद्धतीच्या जोडणीची) कार्डं काढून २.६.२४ पासून ई१०००ई वेगळा केला.

रिअलटेकचं पुढं काय झालं तेही सांगतो. २०१९ मध्ये ५.२ कर्नलमध्ये त्यांच्या वायफाय चिपसाठी आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर आला, मॅक८०२११ वर बसणारा, चिपचा भाग वेगळा, कोअर वेगळा. सुरुवातीला तो फक्त पीसीआयच्या कार्डांसाठी होता. २०२३ च्या ६.२ मध्ये त्याला यूएसबी जोडताना कोअर तोच राहिला, मुख्यतः बसशी (कार्ड आणि कॉम्प्युटर जोडणारी वाट) बोलणारा भाग नवीन लिहावा लागला, आणि एकदम चार जातींचे डोंगल (यूएसबीत खोचायची वायफाय कार्डं) चालायला लागले. त्यातल्या ८८२२बीयू चिपचा डोंगल राजारामपुरीतल्या दुकानात मिळाला तर आता बाहेरनं कुठला ड्रायव्हर आणून कंपाइल करत बसायची गरज नाही, आणि ज्यांना पहिला पॅच द्यायचाय त्यांनी आधी आरटीडब्ल्यू८८ च्या फोल्डरमधली यूएसबीची फाईल उघडून वाचा.