आपटाआपटीचा सिनेमा आणि चार वर्षांचं मूल

डोक्यात हातोडा बसतो, डोळ्यांपुढे तारे फिरतात आणि पुढच्या क्षणी पात्र ठणठणीत. या विनोदाचं ‘स्लॅपस्टिक’ हे नाव एका खऱ्या काठीवरून पडलं. सोळाव्या शतकापासूनच्या इटालियन लोकनाट्यात विदूषकाच्या हाती दोन फळ्यांची काठी असायची. फटका हाणला की फळ्या एकमेकींवर आपटून ‘फटाक्’ आवाज निघे, लागत मात्र काहीच नसे.

कार्टूनने हीच युक्ती उचलली, पण लहान मुलांसाठी नव्हे. १९४० मध्ये टॉम आणि जेरी आले ते अमेरिकेतल्या थिएटरांत, मुख्य चित्रपटाआधी दाखवायच्या सात-आठ मिनिटांच्या लघुपटांत, आणि ते बघणाऱ्यांत सगळ्या वयाचे लोक होते. नंतर टीव्हीवर शनिवार सकाळच्या कार्यक्रमांनी हा मामला छोट्यांचा करून टाकला.

मग काळजी सुरू झाली. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी बालवाडीतल्या मुलांना फिल्म दाखवल्या. एकीत मांजरीच्या वेशातली बाई फुगवलेल्या बाहुलीला बदडते. ते पाहिलेली मुलं नंतर खेळताना जास्त आक्रमक झाली. पण ती बाहुली मुळात मार खाऊन पुन्हा उभी राहण्यासाठीच बनवलेली असते, हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो.

माझ्या मते मारामारीइतकाच भीतीचा प्रश्न मोठा आहे आणि त्याच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. मुलांवरचा टीव्ही-सिनेमाचा परिणाम अभ्यासणाऱ्या जोआन कँटर यांनी ऐंशीच्या दशकात दाखवून दिलं की शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं गोष्टीपेक्षा दिसण्याला घाबरतात. हल्क हा महाकाय नायक चांगला आहे हे कळण्याआधी त्याचं हिरवं, फुगत जाणारं अंग त्यांना दिसतं. माझी चार वर्षांची भाची अशाच एका सिनेमात धडाधड पडणाऱ्यांना खदखदून हसली. पिल्लू आईपासून हरवलं, तशी माझ्या कुशीत तोंड खुपसून ‘घरी जाऊया’ म्हणाली. सात मिनिटांच्या लघुपटाला पाठलाग पुरतो. दीड तासाच्या साहसकथेला खलनायक लागतो, कोणाची तरी ताटातूट लागते, आणि मूल बहुधा तिथेच रडतं.

आपल्याकडचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र यात फारसं मदतीला येत नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात ‘यू’ (सगळ्यांसाठी) आणि ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) एवढ्याच पायऱ्या होत्या. १९८३ मध्ये ‘यूए’ (लहानांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं) आलं, तेही बारा वर्षांखालच्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणारं. चार वर्षांचं आणि अकरा वर्षांचं मूल एकाच रांगेत! २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे टप्पे केले. हे वय आईवडिलांच्या माहितीसाठी आहे. ते पाळायला लावण्याचा अधिकारही पालकांनाच आहे, थिएटरवाल्याला नाही. आणि सगळ्यात खालचा टप्पा सातचा आहे. चौथ्या-पाचव्या वर्षासाठी वेगळी पायरी अजून नाही.