बोलिंग, फ्रँक

बोलिंग, फ्रँक : (२६ फेब्रुवारी १९३४ – ). ब्रिटिश अमूर्त चित्रकार. जन्म दक्षिण अमेरिकेतील तत्कालीन ब्रिटिश गियानातील (आताचे गयाना) बार्टिका येथे. बालपण न्यू ॲमस्टरडॅम गावी गेले. तेथे त्यांची आई शिवणकाम करी व दुकान चालवी. १९५३ मध्ये ते लंडनला आले. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून १९६२ मध्ये ते रौप्यपदकासह उत्तीर्ण झाले. त्या वर्षीचे सुवर्णपदक त्यांचे सहाध्यायी डेव्हिड हॉकनी यांना मिळाले. हॉकनींचे नाव लवकरच सर्वतोमुखी झाले, बोलिंग यांना मात्र ब्रिटनमध्ये तसा मान मिळण्यास चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.

याचे कारण चित्रांच्या दर्जात शोधता येत नाही. कृष्णवर्णीय चित्रकाराने वसाहतींचे व वंशभेदाचेच विषय रंगवावेत, अशी कलाजगताची अपेक्षा होती आणि बोलिंग यांचे मन रंग, भूमिती व पृष्ठभाग यांत रमत होते. १९६६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. कृष्णवर्णीय कलावंतांनाही अमूर्त चित्रणाचा तितकाच अधिकार आहे, हे त्यांनी तेथील कलानियतकालिकातून हिरिरीने मांडले. त्यांची नकाशाचित्रे याच काळातली. प्रचंड कॅनव्हासवर दक्षिण अमेरिका, आफ्रिका यांच्या आकृत्या रंगाच्या पातळ थरांतून उमटतात आणि विरतात. १९७१ मध्ये व्हिटनी संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले.

१९७३ च्या सुमारास त्यांनी ओतीव चित्रे सुरू केली. हवा तसा कलता करता येणारा फलक बनवून त्यावर ते कॅनव्हास लावीत आणि वरच्या कडेवरून ॲक्रिलिक रंग ओतीत. उतार किती, रंग किती दाट आणि हात केव्हा आवरायचा, हे चित्रकाराने ठरवायचे. पुढचे काम गुरुत्वाकर्षणाचे. खाली येताना ओघळ एकमेकांत मिसळत आणि तळाशी रंगाचा जाड गोळा साचे. ऐंशीच्या दशकात ॲक्रिलिक जेल, फोम, खेळणी, शिंपले अशा वस्तू रंगात रुतवून त्यांनी पृष्ठभागाला चिखलवट नदीकाठासारखी घनता आणली. कॅनव्हासचे तुकडे जोडण्याच्या त्यांच्या पद्धतीत आईच्या शिवणकामाचा वारसा दिसतो.

टेट संग्रहालयाने त्यांचे चित्र १९८७ मध्ये विकत घेतले, तरीही मान्यता दूरच राहिली. २००५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेचे सदस्य म्हणून ते निवडून आले. १७६८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय अकादमीशियन होत. टेट ब्रिटनने त्यांच्या समग्र कार्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ मध्ये भरविले, तेव्हा त्यांचे वय ८५ होते. पुढील वर्षी त्यांना ‘नाइट’ किताब जाहीर झाला. त्या वयातही ते लंडनच्या चित्रशाळेत खुर्चीवर बसून, साहाय्यकांच्या हातून रंग ओतवून घेत नवी चित्रे करीत होते.