रक्तदाबाचा लगाम किती घट्ट?

बराच वेळ उकिडवं बसून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि चार-पाच सेकंदांत जातेही. उठताक्षणी अर्धा लिटरभर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, दाब पडतो. गळ्यातल्या कॅरोटिड धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतींतल्या मज्जातंतूंना ताण सैलावल्याचं कळतं, खबर मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेत पोचते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. हाच बॅरोरिफ्लेक्स. पण तो कुणाचा किती तल्लख, हे मोजायचं कसं?

१९६९ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी सरळ रस्ता धरला: औषध टोचून दाब चढवायचा आणि ठोके किती मंदावतात ते बघायचं. दाब १० मिलिमीटरने चढला आणि दोन ठोक्यांमधलं अंतर ८५० मिलिसेकंदांवरून १००० वर गेलं, तर उत्तर १५, म्हणजे दर मिलिमीटरमागे १५ मिलिसेकंद. निरोगी तरुणांत आकडा साधारण याच घरात असतो, वयाबरोबर घसरतो. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या १२८४ रुग्णांची 'अत्रामी' पाहणी १९९८ मध्ये छापून आली. तीत ज्यांचा आकडा ३ च्या खाली, त्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका बराच जास्त निघाला.

आता, अटॅकमधून नुकत्याच सावरलेल्या माणसाला दाब चढवणारं इंजेक्शन द्यायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? सुदैवाने शरीर स्वतःच ही परीक्षा घेत असतं. स्वस्थ पडलेल्या माणसाचाही दाब दर दहा सेकंदांच्या आसपास हलकासा वरखाली होतो आणि ठोके त्याच्या मागोमाग जातात. बोटाला इवलासा पट्टा लावला (ही युक्ती चेकोस्लोव्हाकियाच्या यान पेन्याझ यांची, १९७३ ची) की प्रत्येक ठोक्याचा दाब मिळतो. लागोपाठ तीन-चार ठोके दाबही चढला आणि अंतरही लांबलं, असे तुकडे वेचायचे आणि दाबाच्या दर मिलिमीटरमागे अंतर किती लांबलं ते मोजायचं.

नुसत्या ईसीजीवरही काही हाती लागतं. १९९९ मध्ये म्युनिकच्या गेऑर्ग श्मिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखादा ठोका वेळेआधीच पडला तर त्यातून रक्त कमी फेकलं जातं, दाब क्षणभर पडतो. पुढचे एक-दोन ठोके घाईने येतात आणि मग हळूहळू रेंगाळतात. बॅरोरिफ्लेक्स मंद असेल तर ही घाईही नाही, रेंगाळणंही नाही. मात्र असे चुकार ठोके पडायला हवेत, म्हणून त्यासाठी सहसा चोवीस तासांची नोंद लागते.

चोवीस तासांऐवजी पाच मिनिटांच्या नोंदीवर भागवण्याचा मोह समजण्यासारखा आहे: माणूस तेवढा वेळ गप्प पडून राहतो, त्यात जिने आणि भांडणं मिसळत नाहीत. पण पाच मिनिटांत दहा सेकंदांच्या लाटा जेमतेम तीस. मधेच खोकला आला की त्यातल्या दोन-तीन गेल्या. त्यात कुणी मिनिटाला सहाच श्वास घेत असेल, तर श्वासाची लाट नेमकी याच लाटेवर येऊन बसते. दाबाची नोंद सोबत नसेल, तर निव्वळ ठोक्यांच्या अंतरावरून ही गुंतागुंत सोडवता येत नाही. तेवढ्यावरून काढलेल्या आकड्यावर मी तरी फार भरवसा ठेवणार नाही. आणि एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे वरचे कप्पे बेशिस्त थरथरण्याच्या विकाराच्या) रुग्णात तर अंतरं मुळातच बेताल असल्याने या पद्धती निकामीच ठरतात.