बिऱ्हाड

बिऱ्हाड : घर, घरातली माणसं आणि घरातलं सामान या तिन्हींसाठी मराठीत असलेला एकच शब्द. नागपुरात तो दोन टोकांना चालतो. महाल भागातल्या जुन्या वाड्यात भाड्याने राहणारा तो बिऱ्हाडकरू, आणि अमरावती रोडच्या कडेला ताडपत्रीचं पाल ठोकून बसलेल्या, गावोगाव फिरणाऱ्या गाडी लोहाराचंही बिऱ्हाडच. पहिल्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून या नोंदीत दुसरं घेतलंय, म्हणजे कायमचा पत्ता नसलेलं, हलतं बिऱ्हाड. विंचवाचं पाठीवर म्हणतात ते. (वऱ्हाड या प्रांताच्या नावाशी याचा काही संबंध नाही, लोक विचारतात म्हणून सांगून ठेवलं.)

शब्द कुठून आला यात मात्र घोळ आहे. कानाला संस्कृत 'विहार' जवळचा वाटतो, 'वि'चा 'बि' होणंही काही नवं नाही, पण मग शेवटी 'ड' कुठून आला याचा हिशेब लागत नाही. दुसरीकडे कन्नडमध्ये बिडार म्हणजे तळ, उतरायची जागा, बीडु म्हणजे छावणी, तेलुगूत विडिदि, तमिळमध्ये विडुदि, सगळीकडे अर्थ एकच, वाटेत थांबायचं ठिकाण. आता बिडारमधल्या ड आणि र यांनी जागा बदलल्या असं धरलं तर काम सोपं होतं आणि अशी अदलाबदल आपल्याकडे रोजची आहे, नुकसानचं नुसकान होतं, लखनौचं नखलौ होतं, वाराणसीचं बनारस तर कधीचंच झालंय. मधला 'ह' कुठून घुसला हा प्रश्न उरतो, पण खानदेशाकडे बिढार असं रूप आहे, त्यात ड ला ह चिकटलेला दिसतोच, तेव्हा बिडार, बिढार, बिऱ्हाड अशी साखळी लावता येते आणि प्रस्तुत लेखकाला तीच जास्त पटते. यादवकाळात कन्नड-मराठीचा शेजार दाट होता, शब्द तेव्हा किंवा त्याच्या आगेमागे इकडे आला असावा.

असाच पेच 'बेडा'चा. विदर्भात बंजाऱ्यांचा तांडा, तसा पारध्यांचा बेडा. कन्नडमध्ये बेड म्हणजे शिकारी, आणि पारधीही शिकारीच, त्यामुळे दोन्ही जोडायचा मोह होतो. पण बेडा हा शब्द वस्तीला लागतो, माणसाला नाही, आणि इकडे हिंदीचा शेजार कन्नडपेक्षा कितीतरी जवळचा, तेव्हा हिंदीतला बेडा, म्हणजे ताफा, हेच मूळ धरणं बरं.

नागपूर ही ब्रिटिश काळात मध्य प्रांताची राजधानी होती, त्यामुळे इथल्या फिरत्या जमातींची जुनी माहिती मुख्यतः रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या, या प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या चार खंडांतूनच घ्यावी लागते. माहिती भरपूर, पण नजर सरकारी, जो एका जागी राहत नाही त्याच्यावर आधी संशय. त्याच्या आधी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आलेलाच होता, तो १९११ च्या सुधारणेनंतर सगळ्या ब्रिटिश मुलखात लावता यायला लागला. ज्यांची नोंद झाली त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. म्हणजे ज्यांचं पोटच हलण्यावर त्यांना हलणं हाच गुन्हा. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, त्यातून सुटल्या त्या विमुक्त जमाती, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की आधी बेड्यावर जायची पोलिसांची सवय काही लगेच सुटली नाही.

नागपूरच्या रस्त्यावर सगळ्यात सहज दिसतात ते गाडी लोहार. पेरणीच्या आधी आणि सणासुदीला यांची भट्टी जोरात असते. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, वारा घालायला भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरून बसतो आणि घण मारते ती बाई, उभी राहून, पदर खोचून, आणि बघणाऱ्याला वाटतं आता हात सुटेल पण नाही सुटत. विळे, कुऱ्हाडी, पावशी, तवे, सराटे, सगळं तिथंच गोणपाटावर मांडलेलं. सराटा म्हणजे पुण्याकडचं उलथणं, पावशी म्हणजे विळी. सजवलेली बैलगाडी आता क्वचितच दिसते, बिऱ्हाड बहुतेक 'छोटा हत्ती' टेम्पोतून उतरतं.

त्यांची कथा अशी सांगतात की चित्तोड पडलं तेव्हा पूर्वजांनी राणा प्रतापसमोर शपथ घेतली, किल्ला परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही, बाजेवर झोपणार नाही, दिवा लावणार नाही. म्हणून प्रवासात गाडीवर बाज उलटी टाकायची रीत. आता चित्तोड अकबराने घेतलं १५६८ मध्ये, तेव्हा गादीवर उदयसिंह होते, प्रताप आले १५७२ ला, त्यामुळे शपथ खरंच घेतली असली तरी कथेतलं नाव मागाहून चिकटलं असावं. फिरस्ती धंद्यामुळे आधीच असेल आणि शपथ नंतर जोडली असेल हेही शक्य आहे, आणि तेच जास्त संभवनीय वाटतं. ६ एप्रिल १९५५ ला पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चित्तोडच्या किल्ल्यात नेलं, म्हणजे शपथ अधिकृतपणे संपली. पालं संपली नाहीत.

विदर्भात कच्छ-काठेवाडकडचे रबारीही येतात, आपल्याकडे सरसकट काठेवाडी म्हणतात. पुढे मेंढ्या, मागे उंट, उंटाच्या पाठीवर बाज आणि बाजेत भांडी, कोकरं, कधी पोरही. शेत रिकामं झालं की शेतकरी रात्री मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो.

आता कागदाचं. महाराष्ट्रात गाडी लोहार हे घिसाडींबरोबर भटक्या जमाती (ब) मध्ये येतात, त्या प्रवर्गाला २.५ टक्के आरक्षण. फासेपारधी अनुसूचित जमातीत, बंजारा विमुक्त जाती (अ) मध्ये. पण विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा लागतो. भटक्याने राहिल्याचा पुरावा द्यायचा, असा हा मामला. नागपूरकडे त्यात आणखी एक गाठ आहे, १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख मध्य प्रदेशातच, आजोबांचा मुक्काम कधी सावनेरला कधी सौंसरला, त्यांच्या लेखी तो एकच रस्ता, पण त्या वर्षी सौंसर पलीकडे राहिलं आणि सावनेर इकडे आलं, तेव्हा आजोबांचं नाव नेमकं कुठल्या दप्तरात यावर नातवाचा दाखला अडतो. पोलिसांच्या कागदावर 'रा.' म्हणजे राहणार, आणि त्यापुढे 'ह. मु.' म्हणजे हल्ली मुक्काम, असे दोन रकाने चालतात, पालवाल्यांचा दुसरा भरतो, पहिला अडतो. गंमत म्हणजे मुक्काम हा मूळ अरबी शब्द, आपल्याकडे थांबण्याचा, आणि 'मु. पो.' लिहून कायमचा पत्ता आपण त्यानेच सुरू करतो.

घर देण्यासाठी राज्याची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर. त्याआधी जागा मिळायला हवी, आणि शहराजवळ तेच सगळ्यात अवघड.

शहरात रस्त्यावर झोपणारे सगळे भटके नसतात, मजूर असतात, घरातून निघालेले असतात. जनगणनेत त्यांना बेघर म्हणतात, २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजणी झाली, फुटपाथ, पूल, प्लॅटफॉर्म, मोठे पाइप, देवळाचे आवार सगळं धरून, आणि देशभरात आकडा सुमारे १७.७ लाख आला. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या निर्देशांनुसार लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, त्याच जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं, म्हणजे हिशेबाने २४ झाले. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ मध्ये मात्र पोटापाण्याचं दिसणारं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणं किंवा थांबणं हेसुद्धा भीक मागण्याच्या व्याख्येत बसवलंय. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, ती दिल्लीपुरती.

मतदार यादीची सोय त्या मानाने बरी. घर नसलेल्याने नाव नोंदवायच्या फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहायची, मग बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री जाऊन माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघायचं, कागदाचा पुरावा मागायचा नाही.

पोरांच्या शाळेबाबत, स्थलांतर करताना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं कार्ड, द्यायची पद्धत महाराष्ट्रात आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पुढच्या शाळेने प्रवेश अडवायचा नसतो.